‘नांदायला जाणार नाही’ : रखमाबाई प्रकरणाचा अभ्यास

मराठीत ‘नांदणे’ हे क्रियापद जुने आहे आणि अजूनही रोजच्या बोलण्यात आहे. लग्न झालेली मुलगी सासरी नांदते. ती माहेरीच राहिली तर चार माणसे ‘ती नांदत नाही’ असे दबक्या आवाजात बोलतात, आणि नवऱ्याने तिला ठेवून घेतले नाही तर ‘तो नांदवत नाही’ अशी तक्रार होते. मुलीने लग्नानंतर कुठे राहावे, कोणाच्या शब्दात राहावे आणि उरलेले आयुष्य कशात घालवावे, याविषयीच्या साऱ्या अपेक्षा या एका शब्दात इतक्या मुरलेल्या आहेत की त्या वेगळ्या बोलून दाखवाव्या लागत नाहीत. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात आपल्या पत्नीविरुद्ध जो दावा लावला, त्याचा मराठीतला सरळ अर्थ एवढाच होता की बायको नांदायला येत नाही, न्यायालयाने तिला पाठवावे. ती पत्नी, रखमाबाई, तेव्हा १९ वर्षांची होती. तिने न्यायालयात येऊन ‘मी जाणार नाही’ असे सांगितले आणि पुढची चार वर्षे मुंबई, पुणे, कलकत्ता आणि लंडन येथील वर्तमानपत्रांत तिच्या या नकाराची चर्चा होत राहिली.

बालविवाहविरोधी चळवळीतला एक टप्पा म्हणून या प्रकरणाकडे पाहण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. प्रस्तुत अभ्यासात मात्र मी एकाच गोष्टीचा माग घेतला आहे. रखमाबाईंना शिकायचे होते. ही इच्छा या खटल्यात नेमकी कुठे दिसते, कुठे दिसत नाही, ती कोणी ऐकली आणि ती तिची स्वतःची आहे असे कोणी मानले, हे पाहिल्याशिवाय या प्रकरणाचा गाभा हाती लागत नाही, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई कोवळ्या वयात विधवा झाल्या. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा असल्याने काही वर्षांनी त्यांचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन या विधुर डॉक्टरांशी झाला. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता जयंतीबाईंनी पुनर्विवाहापूर्वी मुलीच्या नावे केली होती, ही बाब पुढे खटल्याच्या वेळी पुन्हापुन्हा उकरून काढली गेली. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. घरात पुस्तके होती, शिकल्यासवरलेल्या माणसांची ये-जा होती, आणि मुलगी शाळेत जात होती.

अशा घरातही मुलीचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी हे सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले, विशीच्या उंबरठ्यावरचे, शिक्षण अर्धवट सोडलेले. मुलीचे लग्न वेळेवर उरकले पाहिजे ही अपेक्षा किती बळकट होती, हे इथे दिसते. लहान वयातील शरीरसंबंधाचे दुष्परिणाम डॉक्टर म्हणून जाणणाऱ्या माणसालाही ज्ञातीतले आपले स्थान सांभाळण्यासाठी लग्नाला संमती द्यावी लागली आणि मग त्या लग्नाचे परिणाम टाळण्यासाठी त्याला अटी घालाव्या लागल्या. दादाजींनी घरजावई म्हणून सासरी राहावे, सासऱ्याच्या खर्चाने शिकावे आणि ‘चांगला माणूस’ व्हावे, असे ठरले होते. रखमाबाई वयात आल्यावर रीतीप्रमाणे गर्भाधानाचा, म्हणजे पती-पत्नीच्या शरीरसंबंधाची सुरुवात करून देणारा, विधी व्हायला हवा होता; सखाराम अर्जुन यांनी तो होऊ दिला नाही. मला वाटते, रखमाबाईंच्या पुढच्या आयुष्याचा पाया या एका नकारात घातला गेला. लग्न लावून देणारा माणूस आणि मुलीला वाचवणारा माणूस एकच होता, ही विसंगती सुधारकांच्या अनेक घरांत त्या काळी होती. तिच्यासाठी त्यांना दोष देण्यापेक्षा तिच्यामागचे दडपण समजून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

दादाजींना ती व्यवस्था मानवली नाही. ज्या वयात इतर तरुण कॉलेज पुरे करतात, त्या वयात त्यांना शाळेचे धडे गिरवावे लागत होते. ते सासरचे घर सोडून मामा नारायण धुरमाजी यांच्याकडे राहायला गेले, शिक्षण सुटले, प्रकृती ढासळली. रखमाबाई मात्र सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या. लग्नानंतर शाळा बंद झाली होती, म्हणून त्यांनी मिशनच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर घरीच अभ्यास चालवला, इंग्रजी आत्मसात केले, आणि आईबरोबर प्रार्थना समाजाच्या व आर्य महिला समाजाच्या सभांना त्या जाऊ लागल्या. दहा वर्षांचा हा काळ कोणत्याही निकालपत्रात दोन-चार वाक्यांत आटोपतो. पण लग्न झालेली, सासरी न गेलेली, शाळेत जाता न येणारी मुलगी घरच्या एका कोपऱ्यात शब्दकोश घेऊन एकेक पान पुढे सरकते आहे आणि दारावरून जाणारी प्रत्येक बाई तिच्या आईला ‘हिला कधी पाठवणार?’ असे विचारते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले तर त्या दहा वर्षांचे वजन लक्षात येते.

दोन कागद

१८८४ मध्ये वकिलाची नोटीस आली आणि त्यापाठोपाठ दावा. रखमाबाईंनी न्यायालयाला दिलेल्या लेखी उत्तरात नकाराची तीन कारणे आहेत. दादाजींना स्वतःचा आणि पत्नीचा योग्य रीतीने निर्वाह करता येत नाही, हे पहिले. त्यांना वारंवार दम्याचा त्रास होतो आणि क्षयाची लक्षणे दिसतात, हे दुसरे. ज्या नातेवाइकाच्या आश्रयाने ते राहतात त्याचे चारित्र्य चांगले नाही, हे तिसरे. तिन्ही कारणे नवऱ्याविषयी आहेत. शिक्षणाचा त्यांत उल्लेख नाही.

आता दुसरा कागद पाहू. २६ जून १८८५ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ मध्ये बालविवाहावर एक पत्र छापून आले, त्याखाली नावाऐवजी ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाची सही होती. ते पत्र रखमाबाईंचे होते, हे पुढे उघड झाले. त्यात त्यांनी लिहिले आहे की बालविवाहाच्या या दुष्ट चालीने माझ्या आयुष्याचे सुख नष्ट केले; जी गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे ती म्हणजे अभ्यास आणि मनाची मशागत, आणि ही चाल माझ्या व तिच्या आड येते. माझा काहीही अपराध नसताना मला चार भिंतींत राहावे लागते, आणि आपल्या अज्ञानातून वर येण्याच्या माझ्या प्रत्येक इच्छेकडे संशयाने पाहिले जाते, असेही त्या सांगतात. सप्टेंबर १८८५ मध्ये, म्हणजे खटला सुनावणीला आला त्याच महिन्यात, सक्तीच्या वैधव्यावर त्यांचे दुसरे पत्र प्रसिद्ध झाले.

हे दोन कागद शेजारी ठेवले की प्रकरणाचा सारा अर्थ बदलतो. न्यायालयात जे कारण ग्राह्य धरले जाण्याची शक्यता होती, ते सही करून दिले गेले. जे खरे कारण होते, ते निनावी पत्रात लिहावे लागले. नवरा गरीब आहे, आजारी आहे, वाईट संगतीत आहे, हे बोलण्याची मुलीला निदान सोय होती, कारण त्यात तिने स्वतःसाठी काही मागितल्यासारखे होत नव्हते. ‘मला शिकायचे आहे, आणि हे लग्न त्याच्या आड येते’ हे कोणत्याही धर्मशास्त्रात आणि कोणत्याही इंग्रजी कायद्यात कारण म्हणून बसत नव्हते. आजही पुढे शिकू इच्छिणारी किती तरी मुलगी घरात ‘मला शिकायचे आहे’ एवढ्यावर थांबू शकत नाही. शिकले तर स्थळ चांगले येईल, नोकरी लागली तर हुंडा मागणार नाहीत, धाकट्या भावाच्या शिक्षणाला हातभार लागेल, अशी कारणे ती पुढे करते, आणि ती खरी असली तरी तिच्या मनातले पहिले कारण ते नसते. घरातल्या माणसांना पटेल असे कारण शोधून देण्याचे हे कौशल्य आमच्या मुली लवकर शिकतात, याचे मला कौतुक वाटत नाही, वाईट वाटते.

न्यायालयात

खटला न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्हे यांच्यापुढे चालला. रखमाबाईंच्या बाजूने काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे वकील उभे होते. संस्कृतचे पंडित आणि सामाजिक प्रश्नांत रस घेणारे तेलंग या खटल्यात होते, ही रखमाबाईंच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू होती. या लढाईत त्यांच्या पाठीशी जे सर्वांत आधी उभे राहिले असते ते सखाराम अर्जुन मात्र निकालाच्या पाच महिने आधी, एप्रिल १८८५ मध्ये, वारले होते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांची तर्कपद्धती समजून घेण्यासारखी आहे. हा दावा ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा’ म्हणून लावला होता, आणि पिन्हे यांनी या शब्दातल्या ‘पुनः’ वरच बोट ठेवले. पती-पत्नी एकत्र राहत होते आणि मग वेगळे झाले, तर ते नाते पुन्हा प्रस्थापित करा असे म्हणता येते. हे दोघे एकत्र कधी राहिलेच नाहीत, मग पुन्हा प्रस्थापित करायचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. अजाण वयात लग्न झालेल्या आणि आता नवऱ्याचा तिटकारा असलेल्या तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडे पाठवणे रानटी, क्रूर आणि किळसवाणे होईल, अशा अर्थाचे कठोर शब्द त्यांनी वापरले. असा दावा मुळात इंग्रजी धर्मपीठांच्या न्यायालयांतून आलेला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, हेही त्यांनी नोंदवले. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की अशा हुकुमाचा भंग करणाऱ्या व्यक्तीला तुरुंगात टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली होती, आणि हिंदुस्थानच्या १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र ती सहा महिन्यांच्या कैदेपर्यंत शाबूत होती.

निकालावर गदारोळ झाला. इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी पिन्हे यांची वाहवा केली, तर देशी पत्रांपैकी अनेकांनी परक्या न्यायाधीशाने हिंदू विवाहसंस्थेच्या मुळावर घाव घातला असा आक्षेप घेतला. लोकमान्य टिळकांच्या ‘मराठा’ ने या निकालावर टीका केली. त्यामागे एक राजकीय भान होते, हे मान्य केले पाहिजे. सरकारला घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिले तर ते कुठे थांबेल, ही शंका गुलामीत असलेल्या समाजाला येणे स्वाभाविक होते. परंतु या राजकीय भानाचे ओझे एका एकट्या तरुण मुलीने आपले आयुष्य देऊन वाहावे, हे मात्र न्याय्य म्हणता येत नाही. त्या वेळी ‘केसरी’ चे संपादक असलेल्या गोपाळ गणेश आगरकरांची मते वेगळी होती. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नांवर टिळक आणि आगरकर यांच्यातले अंतर याच वर्षांत वाढत गेले, १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला.

दादाजींनी अपील केले. मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये पिन्हे यांचा निकाल रद्द केला आणि खटला गुणदोषांवर पुन्हा चालवण्यासाठी परत पाठवला. विवाह विधिवत झाला आहे, तो संस्कार आहे, संमतीचा प्रश्न हिंदू कायद्यात उद्भवत नाही, ही भूमिका आता बळकट झाली होती. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, न गेल्यास सहा महिन्यांचा कारावास. त्यावर रखमाबाईंनी कळवले की त्या कारावास पत्करतील, नांदायला जाणार नाहीत.

पुणे, त्याच आठवड्यात

फॅरन यांच्या हुकुमाच्या सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या. या दोघींच्या वयात जेमतेम चार महिन्यांचे अंतर होते. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. एकीचे लग्न नवव्या वर्षी झाले, दुसरीचे अकराव्या. दोघींना शिकायचे होते. आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवी घेऊन परत आल्या होत्या, आणि क्षयाने त्यांना गाठले तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांच्या जाण्याने सगळा महाराष्ट्र हळहळला, आणि ती हळहळ खरी होती. ज्या वर्तमानपत्रांत त्यांच्या मृत्यूचे दुःख व्यक्त झाले, त्याच काळात त्यांच्यातल्या काहींत रखमाबाईंच्या उद्धटपणाची चर्चा चालू होती.

हा विरोधाभास मला या अभ्यासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिकलेली स्त्री समाजाला नकोच होती, असे म्हणणे पुरेसे अचूक नाही. आनंदीबाईंनाही टोमणे, कुचेष्टा आणि चिखलफेक सोसावी लागली होती, परंतु त्यांच्या स्वप्नाच्या मागे गोपाळरावांचा हट्ट होता. त्या नवऱ्याच्या इच्छेने शिकल्या, त्याच्या परवानगीने समुद्र ओलांडून गेल्या, आणि निघण्यापूर्वी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ अशी ग्वाही दिली होती. तेवढी ग्वाही मिळाल्यावर समाजाला त्यांचा अभिमान वाटू शकला. रखमाबाईंच्या स्वप्नाला अशी कोणाची परवानगी नव्हती. त्यांचा नवरा त्यांच्या शिक्षणाचा सूत्रधार नव्हता, तो त्यांच्या विरोधातला वादी होता. स्त्रीने शिकावे की नाही या प्रश्नावर १८८० च्या दशकातला मराठी समाज बराच पुढे आला होता. स्त्रीने कोणालाही न विचारता शिकायचे ठरवावे की नाही, या प्रश्नाला त्याने हातच घातला नव्हता. आनंदीबाईंच्या धैर्याला यामुळे बाध येत नाही. चौदाव्या वर्षी जन्मलेले बाळ दहा दिवसांत गमावल्यावर डॉक्टर होण्याचे मनात घेणाऱ्या मुलीची इच्छा फक्त नवऱ्याची होती, असे कोणी म्हणू नये.

रखमाबाईंच्या इच्छेचा ‘खरा मालक’ शोधण्याचा उद्योग मात्र सगळ्यांनी केला. विरोधकांच्या मते तिला सावत्र बापाने फूस लावली. तो वारल्यावर आईने आणि आजोबांनी, मालमत्ता घराबाहेर जाऊ नये म्हणून. दादाजींनी १८८७ मध्ये आपली बाजू मांडणारे निवेदन प्रसिद्ध केले, त्याचा रोखही याच दिशेने होता. इतर काहींच्या मते हे सारे इंग्रजी शिक्षणाचे आणि मिशनऱ्यांचे काम होते. रखमाबाईंनी दादाजींच्या निवेदनाला वर्तमानपत्रातून सविस्तर उत्तर दिले, मुद्द्याला मुद्दा भिडवला. त्यांच्या बाजूच्या लोकांतही, त्यांना वाचवू पाहणाऱ्या सहृदय माणसांतही, ‘बिचारी’ हा सूर वारंवार येतो. समाजसुधारक बहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर आपली टिपणे प्रसिद्ध करून सरकारला साकडे घातले होते, त्यांच्या दृष्टीने हे प्रकरण म्हणजे हातात आलेले जिवंत उदाहरण होते. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्सवर्थ आदींनी मुंबईत बचाव समिती उभारली, इंग्लंडमध्ये संस्कृतचे अभ्यासक माक्स म्युलर यांनी त्यांच्या बाजूने लिहिले. या मदतीशिवाय रखमाबाई टिकल्या नसत्या. तरीही या साऱ्या गलबल्यात स्वतः तिला काय हवे आहे हे विचारणारा आवाज फार क्षीण होता.

तिला काय हवे होते, हे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. ९ एप्रिल १८८७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ मध्ये त्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. ते वर्ष व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचे होते. रखमाबाईंनी राणीकडे एवढेच मागितले की मुलाच्या वयाची २० आणि मुलीच्या वयाची १५ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेले लग्न न्यायालयापुढे आले, तर ते कायदेशीर मानले जाऊ नये. बालविवाह करणाऱ्यांना शिक्षा करा असेही त्या म्हणत नाहीत. ज्यांना आपली रूढी पाळायची आहे त्यांनी ती पाळावी, फक्त न्यायालयाने आपले बळ त्या रूढीच्या पाठीशी लावू नये, इतके मोजके आणि कायद्याची जाण असलेले हे मागणे आहे. तुरुंगाची टांगती तलवार डोक्यावर असताना २२ वर्षांच्या, शाळा अकराव्या वर्षी सुटलेल्या मुलीने ते लिहिले होते.

तडजोड आणि त्यानंतर

व्हिक्टोरिया राणीने स्वतः हस्तक्षेप करून हे लग्न मोडीत काढले, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती ऐकायला बरी वाटते, परंतु प्रकरण मिटले ते तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन हुकुमाची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. त्यांचा विवाह मात्र कोणत्याही न्यायालयाने रद्द केला नाही. दादाजींना दुसरे लग्न करायला कायद्याची आडकाठी नव्हती आणि त्यांनी ते केले. रखमाबाईंना ती वाट नव्हती, आणि पुढेही त्या एकट्याच राहिल्या. म्हणजे जिचा नकार टिकला तिच्याच बाजूला पैसे मोजावे लागले, असा हा शेवट आहे.

१८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना प्रोत्साहन दिले, खर्चासाठी वर्गणी जमवण्यात मदत केली, आणि लंडनमध्ये मॅक्लॅरन दाम्पत्याने आधार दिला. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या, स्त्रियांना डॉक्टर होता यावे म्हणून १८७४ मध्ये स्थापन झालेल्या शाळेत त्यांनी शिक्षण घेतले, ब्रुसेल्सची एम.डी. मिळवली, आणि १८९० च्या दशकाच्या मध्यावर त्या परत आल्या. इथेही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या मुलीला औपचारिक शाळेचे तोंड अकराव्या वर्षानंतर दिसले नव्हते, तिने विसाव्या वर्षांनंतर परक्या भाषेत, परक्या देशात, शरीरशास्त्र आणि औषधशास्त्राच्या परीक्षा दिल्या. सखाराम अर्जुन यांच्या घरात एकटीने केलेल्या त्या दहा वर्षांच्या अभ्यासाचे हे फळ होते, असे मला वाटते. स्त्री डॉक्टरांच्या ‘पहिली कोण’ या वादात मी शिरत नाही. बंगालच्या कादंबिनी गांगुली यांच्यासह या पिढीतल्या प्रत्येकीची वाट वेगळी आणि बिकट होती.

पुढची सुमारे ३५ वर्षे रखमाबाईंनी सुरत आणि नंतर राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केले. मुंबईच्या वादळात सापडलेली मुलगी मराठी मुलखापासून दूर, गुजराती बोलणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांत आयुष्य घालवते, याला आपल्याकडे फारसे कोणी महत्त्व दिले नाही. खटल्याविषयी लिहिणारे बहुधा १८८८ पाशी थांबतात. माझ्या दृष्टीने प्रकरणाचा अर्थ त्या रुग्णालयांत आहे. निनावी पत्रात ‘सर्वांत प्रिय’ म्हणून जे लिहिले होते, ते तिथे रोज घडत होते. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, त्यांनी पडद्याच्या चालीविरुद्ध पुस्तिका लिहिली.

१९०४ मध्ये दादाजी वारले. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेप्रमाणे पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. वीस वर्षांपूर्वी ज्याच्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटले, त्याच्यासाठी वैधव्याचा वेश घेणे अनेकांना चक्रावून टाकते, आणि काही जण त्याला माघार म्हणतात. मला ती माघार वाटत नाही. ‘त्या पुरुषाशी माझा विवाह झालाच नाही’ असे रखमाबाई कधीही म्हणाल्या नव्हत्या. आपल्याला न विचारता झालेल्या लग्नासाठी आपले शरीर आणि आपला अभ्यास कोणी हिसकावून घेऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ‘पदरी पडले पवित्र झाले’ असे म्हणून गप्प बसण्याचा उपदेश त्यांना आयुष्यभर झाला असेल. काय पवित्र मानायचे आणि किती, हे त्यांनी स्वतः ठरवले, आणि पांढरी साडी हाही त्यांचाच निर्णय होता.

या प्रकरणाने आणि १८९० मध्ये कलकत्त्यात नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावलेल्या फुलमणी दासी या बालिकेच्या प्रकरणाने संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंध कायद्याने ज्या वयाच्या आत गुन्हा ठरतो त्या वयाच्या, प्रश्नाला धार आली, आणि मार्च १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. नांदायला न जाणाऱ्या पत्नीला कैदेत टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये गेली. मूळ दाव्याचा प्रकार मात्र गेला नाही. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याने द्विभार्या विवाह बंद केला, घटस्फोटाचा मार्ग खुला केला, रखमाबाईंना जे मिळू शकले नव्हते ते त्यांच्या नातींच्या वयाच्या मुलींना दिले. आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावाही घातला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, तर पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ते वैध ठरवले. इंग्लंडने, जिथून हा दावा आला, तो १९७० मध्ये कायद्यातून काढून टाकला.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी रखमाबाई वारल्या. त्या ९० वर्षांच्या होत्या, आणि कलम ९ अमलात येऊन चार महिने झाले होते.